घरातले जुने कागद: कशानं तुटतात, कशानं टिकतात

पेशवाईतला एखादा मोडी कागद आणि १९७८ सालच्या वर्तमानपत्राचं कात्रण शेजारी ठेवून बघा. मोडी कागद अडीचशे वर्षांचा, तरी घडी उलगडताना कापडासारखा वाकतो. कात्रणाचं वय जेमतेम पन्नासच्या घरात, पण कोपरा मुडपला की तुकडा हातात येतो. कुठल्या कागदाला कशापासून जपायचं हे त्याच्या घडणीवर ठरतं, म्हणून आधी हे कोडं सोडवायला हवं.

जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा इथे बनणारा जुना कागद चिंध्या, ताग, जुने दोर असल्या मालाचा असे. त्याचे तंतू लांब. लगदा गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलून वाळवायचा, खळ द्यायची आणि दगडानं घोटून गुळगुळीत करायचा. उजेडापुढे धरला तर त्या चटईच्या बारीक समांतर रेघा अजून दिसतात. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा कागद आला आणि दोन गोष्टी बदलल्या. कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. लाकडात लिग्निन नावाचं द्रव्य असतं आणि उजेड लागला की ते पिवळं-तपकिरी पडतं. शिवाय शाई फुटू नये म्हणून खळीऐवजी तुरटी आणि राळ घालायला सुरुवात झाली. तुरटीमुळे कागदातच आम्ल राहतं. हवेतल्या ओलाव्याच्या मदतीनं ते आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या पदार्थाच्या, लांब साखळ्या मधूनमधून कापत जातं. लांब धाग्याचं सूत तुटत तुटत त्याचा भुगा व्हावा, तसंच हे. उष्णता वाढली की हे कापणं वेगानं होतं. ढोबळमानानं तापमान १० अंशांनी चढलं की वेग दुपटीच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावरची ट्रंक म्हणूनच कागदासाठी सगळ्यात वाईट जागा.

आम्लाची आणखी एक खोड म्हणजे ते शेजारच्या कागदात शिरतं. आजोबांच्या चांगल्या रोजनिशीत वर्तमानपत्राचं कात्रण वर्षानुवर्षं ठेवलेलं असेल, तर त्या पानांवर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटलेला दिसेल. त्यामुळे पहिलं काम म्हणजे कात्रणं बाकीच्या कागदांपासून वेगळी करणं. कात्रणातला मजकूर महत्त्वाचा असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सच्या काळ्या पुडीतला रंग कार्बनचा असतो आणि तो उडत नाही.

शाई ओळखा, मगच पाण्याचा विचार करा

मोडी कागदांवरची बोरूची शाई बहुधा काजळी आणि डिंकाची. उजेडानं ती फिकी पडत नाही, पण डिंक पाण्यात विरघळतो आणि ओलं बोट लागलं तरी अक्षर पसरतं. दुसरी जुनी शाई हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून केलेली. ती आधी काळी असते, पुढे तपकिरी होते आणि कागद आतून खाते. अक्षराच्या जागी भोकं पडलेला कागद दिसला तर हेच कारण. असा कागद दमट ठेवला तर भोकं वाढतात. फाउंटन पेनच्या निळ्या-काळ्या शाईतही बरेचदा लोह असतं, म्हणून ती पाण्यात थोडी तरी तग धरते. नुसती निळी शाई मात्र सरळ धुऊन जाते. जुन्या पोस्टकार्डांवर आणि कोर्टाच्या कागदांवर कधी राखाडी दिसणारी कॉपिंग पेन्सिल असते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की गडद जांभळा डाग. रबरी शिक्क्यांचा रंगही असाच दगाबाज. बॉलपेन पाण्याला दाद देत नाही, पण उजेडात फिकं पडतं आणि स्पिरिटनं पसरतं.

शाईबद्दल खात्री नसेल तर पाणी वर्ज्य समजावं.

उपाय म्हणून केलेली हानी

जुने कागद काळामुळे जितके जातात, त्याहून जास्त आपल्याच धडपडीनं जातात. त्यात पहिला क्रमांक लॅमिनेशनचा. गरम रुळांतून जाताना प्लॅस्टिकवरचा गोंद वितळून कागदाच्या तंतूंत भिनतो. आतलं आम्ल आतच कोंडतं आणि प्लॅस्टिक सोलायला गेलं तर कागद दोन थरांत फाटतो. हे परत फिरवता येत नाही. काही शिक्के आणि थर्मल कागद तर उष्णतेनंच बिघडतात. जन्मदाखला, सनद, जुना सातबारा, आजीचं शाळेचं प्रगतिपुस्तक, काहीही असो, मूळ कागद लॅमिनेट करू नका. भिंतीवर लावायचा असेल तर प्रतीला करा. जे आधीच झालंय ते तसंच राहू द्या, त्याचं स्कॅन करून घ्या आणि ते गार, अंधाऱ्या जागी ठेवा.

दुसरा शत्रू चिकटपट्टी. तिचा गोंद काही वर्षांत तेलकट होऊन कागदात उतरतो आणि पिवळा डाग पडतो. मग वरची पट्टी आपोआप गळते, डाग कायम राहतो. जुनी पट्टी ओढून काढू नका, तिच्याबरोबर अक्षरं येतात. ती चिकट झाली असेल तर वर बेकिंगचा सिलिकॉनचा कागद ठेवा, म्हणजे शेजारचं पान चिकटणार नाही.

पिना आणि टाचण्या गंजतात. रबरबँड वितळून काळा चिकटा सोडतो. सुतारकामाचा पांढरा गोंद एकदा वाळला की पुन्हा सुटत नाही. बाइंडरच्या खळीत किडीसाठी घातलेला मोरचूद कीड दूर ठेवतो, पण त्यातलं तांबं कागदाची झीज वाढवतं. पातळ, मऊ, उग्र वासाच्या प्लॅस्टिकची पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. ती काही वर्षांनी चिकट होतात आणि झेरॉक्सची अक्षरं उचलून घेतात. डांबराच्या गोळ्यांचा वास घरातल्या माणसांना अपायकारक, आणि कसर त्यांनी मरेलच असं नाही.

या सगळ्यावर एकच कसोटी लावावी. आज जे कागदाला लावतोय ते उद्या कागदाला धक्का न लावता काढता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते लावू नये.

गठ्ठा उघडताना

स्वच्छ, कोरडं, मोठं टेबल घ्या. हात धुऊन पुसा. कागदासाठी सुती मोजे घालू नका. त्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि फाटकी कड धाग्यात अडकते. मोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी, तेही नायट्राइलचे. टेबलावर पेन नको, फक्त पेन्सिल. चहा दुसऱ्या खोलीत.

गठ्ठ्यातला क्रम मोडू नका. पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये, म्हणजे रुमालांमध्ये, राहिले आणि कोणता कागद कोणत्या रुमालातला यालाही अर्थ आहे. घरच्या गठ्ठ्याचंही तसंच. वाटणीपत्राला जोडून ठेवलेलं साधं पोस्टकार्ड त्याच वादातलं असू शकतं. सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक कागदाच्या पाठीमागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, क्रमांक घाला.

धूळ रंगकामाच्या मऊ, दीड-दोन इंची ब्रशनं मधून कडेकडे झाडा. बुरशीची पूड दिसली तर एन-९५ मास्क लावा आणि हे काम बाहेर, वारा नसलेल्या ठिकाणी करा. ओली बुरशी घासू नका, ती तंतूंत रुतते. कागद आधी पूर्ण कोरडा होऊ द्या. स्टेपलरची पीन काढताना तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मागचे पाय बोथट पात्यानं उभे करा आणि पीन वरून उचला. नेहमीचा पीन-रिमूव्हर वापरलात तर गंजलेल्या पिनेभोवतीचा कागदच उपटतो.

पत्र पाकिटातून काढून उघडं ठेवा, पण पाकीट टाकू नका. पत्रावर तारीख नसेल तर ती टपालाच्या शिक्क्यावर सापडते. तिकिटाच्या मोहानं पाकीट पाण्यात भिजवलं तर तीच खूण जाते. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, तेव्हा त्याहून जुन्या पत्रव्यवहारात ते शोधू नये. आंतरदेशीय पत्राच्या आत दुमडणाऱ्या पट्ट्यांवर बहुतेकांनी शेवटच्या ओळी लिहिलेल्या असतात. स्कॅन करताना त्या हमखास सुटतात.

लग्नपत्रिका आणि कुंडल्यांच्या कोपऱ्यांवरचं हळदकुंकू हा त्या कागदाचाच भाग, ते पुसायचं नाही. फक्त त्यावर पातळ कोरा कागद ठेवा, म्हणजे डाग समोरच्या पानावर जाणार नाही.

गुंडाळलेली कुंडली किंवा कडक झालेली घडी जबरदस्तीनं उलगडली तर घडीवर तडकते. तिला आधी थोडी ओल द्यावी लागते. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला ओला टीपकागद घाला, त्यावर जाळी ठेवा आणि जाळीवर कागद. पाणी कागदाला कुठेही लागता कामा नये. झाकण लावा आणि दर अर्ध्या तासानं बघा. दोन ते चार तासांत कागद मऊ पडतो. मग तो कोऱ्या टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट वजन द्या आणि दिवसभर राहू द्या. रात्रभर डब्यात विसरलात तर बुरशी येईल. रंगीत चित्रांच्या कुंडल्या, विरघळणारी शाई आणि फोटो यांना हा उपाय करू नका.

खळ

फाटलेल्या कडा जोडायला जगभर वापरतात ती गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तोच हा पदार्थ, फक्त इथे तो जास्त स्वच्छ लागतो. कणीक चालत नाही. तिच्यातल्या चिकट प्रथिनानं खळ पिवळी पडते आणि किडीलाही ते आवडतं. घरचा चीक वापरायचा असेल तर आंबटपणा जाईपर्यंत तीन-चार वेळा पाणी बदलून निवळू द्या आणि वाळवून पूड करा.

एक भाग पूड, पाच भाग पाणी. तासभर भिजवा. मंद आचेवर वीस-तीस मिनिटं सतत ढवळत शिजवा. पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक दिसली की ती झाली. कमी शिजलेली खळ वाळल्यावर सुटते. गार झाल्यावर पातळ कापडातून दोनदा गाळा आणि पाणी घालत ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, वास आला की टाकून द्या. मोरचूद घालू नका.

जोड जपानी टिश्यूचा. हा लांब तंतूंचा पातळ कागद चित्रकलेच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. कात्रीनं कापू नका. ओल्या ब्रशनं रेघ ओढून त्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि जोड उठून दिसत नाही. पट्टी पाच ते आठ मिलिमीटर रुंद पुरते. खळ पट्टीला लावा, जास्तीची टिपून घ्या आणि पट्टी फाटीवर मागच्या बाजूनं ठेवा. वर सिलिकॉनचा कागद, मग टीपकागद, मग किलोभर वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदला आणि रात्रभर ठेवा. पुढे कधी जोड काढायचा झाला तर थोड्याशा ओलीनं तो सुटतो, म्हणून ही पद्धत. पहिला हात रद्दीच्या कागदावर बसवा. ज्यांची शाई पसरते, ज्यांचा भुगा होतोय किंवा ज्यांच्यावर मालकी हक्क अवलंबून आहे असे कागद घरी जोडू नयेत. ते प्रशिक्षित संवर्धकाकडेच द्यावेत.

कशात ठेवायचे

रोजच्या वापरासाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं चांगली. फायलीवर ‘पीपी’ लिहिलेलं असतं. मात्र पेन्सिलीच्या किंवा खडूच्या लिखाणाला आणि सुटत्या रंगाला प्लॅस्टिक नको, स्थिर विजेनं रंग उचलला जातो. त्यांना कागदाचंच पाकीट. त्यासाठी रंग न दिलेला, कापसाच्या चिंध्यांचा हातकागद वापरता येतो. नव्या कागदात आम्ल आहे का हे पीएच पेनच्या रेघेनं कळतं. रेघ जांभळी राहिली तर कागद बरा, पिवळी पडली तर नको. ही रेघ नव्या कागदावरच ओढायची, जुन्यावर नाही.

पोथ्या बासनात बांधायची रीत आजही योग्य आहे, कापड धूळ आणि उजेड अडवतं आणि हवेतल्या ओलीचे चढउतार थोडे शोषून घेतं. पण लाल कापड भिजलं की रंग सोडतं. त्याऐवजी कोरा मांजरपाट घ्या आणि गरम पाण्यात दोनदा धुवा. नव्या कापडाला खळ असते आणि कसर तीच खायला येते.

पाकिटं पुठ्ठ्याच्या आम्लविरहित पेटीत आणि पेटी लोखंडी कपाटात. कपाट बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं नको, खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच वर हवा. कच्च्या लाकडाच्या आणि प्लायवुडच्या पेट्यांतून आम्लाची वाफ निघत राहते.

कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरते. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात ती ८५ च्या पुढे असते, विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की कागद ठिसूळ होतो. छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवलात तर अंदाजानं काम करावं लागत नाही. किनारपट्टीवर हवाबंद डबा उपयोगी पडतो, पण तो भरायचा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत. जुलैत भरलेला डबा ओल कोंडून ठेवतो. सिलिका जेल घालायचं तर १० लिटरच्या डब्याला साधारण २०० ग्रॅम लागतं, बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. केशरी मणी ओलीनं रंग बदलतात, ते ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. मापक ३५ च्या खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या.

दसऱ्याला पाटी-पोथ्या पूजेला काढतातच. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे वर्षाची पाहणी तेव्हाच करावी. उन्हात मात्र ठेवू नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात दोन तास पुरेत.

कसर खळ आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडते, झुरळं फोटोवरचं जिलेटिन खातात, भुंगेऱ्याच्या अळ्या आरपार गोल भोकं पाडतात. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवण्याची जुनी रीत कीड लांब ठेवायला मदत करते. वेखंड कागदाला टेकू देऊ नका आणि दर चार-सहा महिन्यांनी बदला. आत शिरलेली कीड मारायला थंडी लागते. पुस्तक दोन पॉलिथिन पिशव्यांत, हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर दव थेट कागदावर बसतं. काचेच्या निगेटिव्हना हे करू नका. वाळवी दिसली तर कागद हलवा आणि घराचा इलाज करा, कारण तिचं वारूळ कपाटात नसतं.

फोटो, थर्मल कागद, पूर

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढायला दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. सोनोग्राफीची चित्रं, एटीएमच्या पावत्या आणि दुकानांची अलीकडची बिलं थर्मल कागदावर असतात. ती काही वर्षांत कोरी होतात, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात तर आणखी लवकर. त्यांची प्रत आजच काढा.

२००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. पुरात भिजलेल्या कागदाला साधारण ४८ तास मिळतात, मग बुरशी. चिखल वाळायच्या आधी, शाई टिकणारी असेल तर स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा, चोळू नका. सुटे कागद जाळीवर किंवा टीपकागदावर सावलीत पसरा, पंखा छताकडे वळवा. गुळगुळीत आर्ट पेपर ओला असतानाच पानं वेगळी करावी लागतात, वाळला की वीट होते. सगळं एकदम हाताळणं शक्य नसेल तर पिशव्यांत घालून गोठवा. त्यानं कागद वाळत नाहीत, पण महिनाभराची सवड मिळते.

स्कॅन पत्राला ३०० डीपीआय, फोटोला ६००, आणि मागची बाजू नेहमी. मोबाइलनं काढत असाल तर उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा घ्या, फ्लॅश नको, आणि स्कॅनिंग ॲपचा काळा-पांढरा फिल्टर बंद ठेवा. तो फिकी पेन्सिल, शिक्के आणि कागदाचा रंग पुसून टाकतो. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

परदेशातल्या मुलांकडे मूळ कागद पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्या. ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलात्मक मोल असलेलं आणि किमान ७५ वर्षं जुनं हस्तलिखित वा दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यांना स्कॅन पाठवा. आणि घरी सांभाळणं खरोखर शक्य नसेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, पणजीचं पुराभिलेखागार अशा ठिकाणी विचारा. गोणीत भरून रद्दीवाल्याकडे जाण्याआधी एवढी एक चौकशी व्हायलाच हवी.

फोटोंमागे नावं लिहिताना ‘आजी’ असं लिहू नका. कुणाची आजी ते पन्नास वर्षांनी कळणार नाही. माहेरचं आणि सासरचं नाव, गाव, अंदाजे साल, आणि हे कुणी सांगितलं तेही. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिल चालते. १९७० नंतरच्या प्लॅस्टिकसारख्या पाठीवर ती उमटत नाही, तिथे मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. ओळखू न येणारे चेहरे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला याच आठवड्यात दाखवा.